गुलदार बुडवायला बजेट आहे, सांभाळायला आहे का?

प्रति,
महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ,
आणि सोबत मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वेंगुर्ला इथले सगळे स्कूबावाले आणि बोटवाले,

नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, नौदलाचं निवृत्त जहाज गुलदार निवती रॉक या समुद्रातल्या खडकाजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं म्युझियम आणि रीफ करायच्या प्रकल्पाच्या मी विरोधात नाहीये. नाहीतर दोन ओळी वाचूनच कोणीतरी म्हणेल, आला आणखी एक विकासाला आडवा जाणारा. माझं गाव वेंगुर्ला तालुक्यात, नोकरीसाठी पुण्यात असतो, आणि सुट्टी आणि पैसे दोन्ही जुळले की पाण्याखाली जातो. गुलदार निवती रॉकजवळ येणार हे कळलं तेव्हा आमच्या गावाकडच्या ग्रुपवर दिवसभर नारळाच्या इमोजी पडत होत्या, त्यात माझ्याही होत्या. कारण आम्ही वाट बघून थकलो होतो हो. विराटचं काय झालं ते आठवतंय ना? नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला, याच निवती रॉकजवळ आयएनएस विराट ही विमानवाहू नौका उभी करायची, म्युझियम काय, हॉटेल काय, सगळं ठरलं, आणि सप्टेंबर २०२० ला ती निघाली अलंगला भंगारात. त्याआधी २०१४ ला जुनी विक्रांत मुंबईतच तोडली. पाणबुडीतून समुद्र दाखवायची घोषणा पण आमच्याच वाट्याला आलेली, पुढे ती गुजरातला चालली म्हणून राजकारण पेटलं. त्यामुळे एक खरंखुरं जहाज खरोखर सिंधुदुर्गाच्या वाट्याला आलं याचं कौतुक आहेच.

आणि जहाज पण झकास आहे. पोलंडमधे गदिनियाला बांधलेलं, ३० डिसेंबर १९८५ ला नौदलात दाखल झालेलं, रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवायचं जहाज. साधारण ८४ मीटर लांब, ११२० टन. जवळजवळ चाळीस वर्षं सेवा करून १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला तुमच्या ताब्यात आलं, केंद्राने ४६.९१ कोटी मंजूर केले. पुढचा दरवाजा उघडणारं, आत रणगाड्यांसाठी लांबलचक मोकळी जागा असलेलं जहाज डायव्हरला काय वाटतं ते डायव्हरलाच माहीत. त्या रिकाम्या टँक डेकमधून पोहत जायचं या कल्पनेनेच अंगावर काटा येतो, चांगल्या अर्थाने.

पण माझा मुद्दा सरळ आहे. जहाज बुडवणं हा एका दिवसाचा कार्यक्रम. ड्रोन शॉट, मंत्री, बँड, बातम्या, झालं. त्यानंतर ते जहाज तिथे कितीतरी दशकं पडून राहणार, आणि त्या वर्षांसाठी माणूस कोण, पैसा कुठला, नियम काय, हे मला अजून कुठेही नीट लिहिलेलं वाचायला मिळालेलं नाही. जे वाचायला मिळतं ते सगळं बुडवायचं.

सुरुवात साफसफाईपासून करतो, कारण तिथे गडबड झाली तर नंतर ती काढता येत नाही. १९८५ च्या काळातलं जहाज म्हणजे केबलच्या वेष्टनात, गॅस्केटमधे, रंगात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, पाइपांभोवती अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, टाक्यांमधे डिझेल, हायड्रॉलिक तेल, ग्रीस यांचे थर असतात, आणि तळाला अँटीफाउलिंग रंग, म्हणजे जीव चिकटू नयेत म्हणून लावतात तो. यातला टीबीटी हे रसायन असलेला रंग जगभर २००८ पासून बंद झाला, कारण तो शंखशिंपल्यांची वाट लावतो, आणि जुन्या जहाजाच्या तळाला थरावर थर रंग असतो त्यामुळे वरचा थर नवा असला म्हणून खालचं काही संपत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ ओरिस्कनी नावाची अख्खी विमानवाहू नौका १७ मे २००६ ला बुडवली, ती बुडायला लागली ३७ मिनिटं, पण त्याआधीची साफसफाई, पीसीबीचा हिशोब, परवानग्या यात वर्षं गेली. २००९ ला फ्लोरिडातल्याच की वेस्टजवळ व्हॅन्डेनबर्ग ही जुनी नौका बुडवली, ती तर दोन मिनिटांच्या आत तळाला गेली, आणि तिच्यातून आधी काय काय काढलं होतं त्याची यादी वाचली तर डोकं गरगरतं, मैलोन्‌मैल वायर, अ‍ॅस्बेस्टॉस, पिंपं भरभरून खरवडलेला रंग. मोठा खर्च तिकडेच झाला. सुरुंगाचा खर्च किरकोळ असतो.

आता तुम्ही म्हणाल आम्ही पण साफ करून घेतलंय, सगळं नियमानुसार. चांगलंच आहे, मग तो रिपोर्ट दाखवा ना. इंग्रजीतली चारशे पानांची पीडीएफ नको. चार पानं मराठीत काढा, काय काढलं, किती काढलं, काय काढता आलं नाही आणि का, कोणी तपासलं, आणि ती निवती, भोगवे, कोचरा, खवणे, वेंगुर्ला या गावांच्या ग्रामपंचायतींच्या आणि मच्छीमार सोसायट्यांच्या बोर्डावर लावा. हे मी उगाच मागत नाहीये. जहाजावर सगळ्यात आधी काय चिकटणार माहितीये का? आधी बुळबुळीत थर, मग बार्नेकल, मग कालवं आणि शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले. आणि शिनाणे चिकटले की आमच्याकडचा माणूस ते काढणार, घरी नेणार आणि सुक्कं करून खाणार, त्यात काही शंकाच नाही, मीही खाईन. शिनाणे पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. म्हणून दर वर्षी त्या जहाजावरचे शिनाणे आणि आजूबाजूची गाळमाती लॅबला जायला पाहिजे, आणि रिझल्ट येईपर्यंत तिथलं काही खाऊ नका असं स्पष्ट सांगायला पाहिजे. हे सांगायला लाज कसली?

दुसरी गोष्ट, जहाज जिथे ठेवलं तिथेच राहील हे गृहीत धरू नका. ओरिस्कनी ६५ मीटर पाण्यात होती, तरी २००८ च्या गुस्ताव्ह वादळानंतर तिचा डेक आणखी तीनेक मीटर खाली गेलेला सापडला. स्पीगल ग्रोव्ह नावाच्या जहाजाची गोष्ट तर त्याहून भारी. फ्लोरिडातल्याच की लार्गोजवळ मे २००२ मध्ये ते ठरलेल्या वेळेच्या आधीच बुडायला लागलं, पार उलटं झालं, नाक पाण्याच्या वर, माणसं जीव घेऊन उतरली. मग पुन्हा खर्च करून ते कुशीवर पाडलं. आणि जुलै २००५ ला डेनिस नावाचं वादळ आलं आणि त्याने हे १५५ मीटर लांबीचं धूड सरळ उभं करून ठेवलं. डायव्हर लोक खूश झाले, पण जरा विचार करा, इतक्या मोठ्या जहाजाला पाणी असं फिरवू शकतं तर ८४ मीटरच्या गुलदारचं काय. आणि आपल्याकडे वादळाची वाट बघायचीही गरज नाही, दर वर्षी जून ते ऑगस्ट निवती रॉकवर काय लाटा फुटतात ते किनाऱ्यावर उभं राहून पण दिसतं. वर मे २०२१ चं तौक्ते आहेच, ते तर आमच्या घरावरची कौलं घेऊन गेलं. त्यामुळे पावसाळा संपला की पर्यटक सोडायच्या आधी कोणीतरी अधिकृत माणसाने खाली जाऊन बघायचं, जहाज सरकलंय का, कललंय का, कुठला पत्रा सुटून लोंबतोय का, आत वाळू किती भरलीये. रिपोर्ट आल्याशिवाय सीझन सुरू नाही. हा नियम आजच लिहून ठेवा, कारण नंतर दिवाळीचं बुकिंग फुल झालेलं असताना कोणी तो लिहिणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आता आर्टिफिशियल रीफ, म्हणजे माणसाने तयार केलेलं खडप, या शब्दाची थोडी हवा काढतो, माफ करा. जाहिरातीत असं लिहिलं जातं की जहाज बुडवलं की माशांची संख्या वाढते. मासे तिथे येतील हे शंभर टक्के खरं. सपाट रेतीच्या तळावर काहीही उभं केलं की गोबरे, तांबोशी, पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे, सगळे जमतात. पण जमणं वेगळं आणि वाढणं वेगळं. लग्नाच्या पंगतीला गर्दी झाली म्हणून गावची लोकसंख्या वाढली असं कोणी म्हणत नाही ना. शास्त्रज्ञ यावर कित्येक वर्षं वाद घालतायत, आणि उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं येतं, ते ठरतं एका गोष्टीवर, की जमलेल्या माशांचं पुढे काय होतं. त्यांना तिथे शांतपणे अंडी घालू दिली, पिल्लं मोठी होऊ दिली तर वाढ. आणि सगळे एका जागी जमलेत म्हणून जाळं टाकून, गळ टाकून, रात्री एलईडी दिवे लावून उचलले तर तुम्ही समुद्रात फक्त मासे पकडायचं एक सोयीस्कर ठिकाण तयार केलं, आजूबाजूच्या खडपांवरचे मासे पण त्यात गेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावर काँक्रीटच्या त्रिकोणी आणि रिंगवाल्या रचना टाकून बरंच काम केलंय, तिथल्या पारंपरिक मच्छीमारांना त्याचा फायदा पण झालाय, पण त्या रचना टाकल्याच मुळी छोट्या होडीवाल्यांसाठी, जागा त्यांना विचारून ठरवल्या. जहाज टाकून पर्यटकांची रांग लावणं हा वेगळा धंदा आहे. धंदा करा, पण त्याला मत्स्यसंवर्धनाचं लेबल लावायचं असेल तर आधी मोजा. बुडवायच्या आधीचा त्या तळाचा सर्व्हे, कुठले मासे, किती, काय जिवंत आहे, आणि मग दर वर्षी त्याच ठरलेल्या जागांचे फोटो आणि मोजणी. आधीचं मोजलेलंच नसेल तर नंतर काहीही आकडा छापता येतो.

रीफच्या नावाखाली काय काय झालंय याचं एक उदाहरण तर सगळ्यांनी वाचलंच पाहिजे. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलजवळ १९७२ मध्ये वीस लाखांहून जास्त जुने टायर समुद्रात टाकले, ऑस्बोर्न रीफ म्हणतात त्याला. तेव्हा सगळे खूश, कचरा पण गेला आणि रीफ पण झाली. टायर बांधलेले पट्टे आणि क्लिप गंजून तुटले, टायर सुटे झाले आणि वादळात लोळत लोळत जाऊन खऱ्या प्रवाळांवर आपटले. २००७ पासून लष्कराचे डायव्हर ते काढत होते. टाकायला जितका वेळ आणि पैसा लागला त्याच्या कितीतरी पट काढायला. दुसरं पालमायरा बेटाचं, पॅसिफिकच्या मधोमध, तिथे १९९१ ला एक मासेमारी जहाज खडकावर फुटून पडलं आणि त्याच्या लोखंडामुळे एक प्रवाळासारखा दिसणारा आक्रमक जीव इतका पसरला की आजूबाजूची खरी प्रवाळं त्याने गिळून टाकली, शेवटी अमेरिकन सरकारने २०१३-१४ ला ते जहाज तुकडे तुकडे करून उचललं. आता प्रामाणिकपणे सांगतो, आपल्याकडे तसंच होईल असं मला वाटत नाही, तिकडच्या पाण्यात लोह जवळजवळ नाहीच आणि आपल्या जांभ्याच्या मातीतून नद्या दर पावसाळ्यात भरपूर लोह समुद्रात नेतात. पण लोखंड पाण्यात ठेवलं की ते तिथे गप्प बसत नाही एवढं तरी लक्षात घ्या.

आता माझ्याच जमातीकडे येतो, डायव्हिंगवाल्यांकडे. भावांनो, रागवू नका.

मालवणला किल्ल्याच्या मागे ट्राय डाइव्ह कसा चालतो ते आपण सगळे बघतो. पॅकेजमधे स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना, जेट स्की सगळं, पर्यटकाला पाचेक मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला शिकवायचं, गाइड मागून टाकी धरून त्याला खाली नेतो, तिथे एक ठरलेला खडक असतो, त्यावर त्याला बसवायचं नाहीतर उभं करायचं, बिस्किटाचा पुडा फोडायचा, मासे गोळा झाले की व्हिडिओ, अंगठा वर, खल्लास. तो खडक बघितलाय कधी जवळून? बाजूच्या खडकांवर स्पंज आहेत, छोटी प्रवाळं आहेत, समुद्री पंखे आहेत, आणि त्या एका खडकाचं टक्कल पडलंय, नुसता गुळगुळीत दगड. हजारो पायांनी घासलेला. आणि मासे आता बोटीचा आवाज आला की बिस्किटासाठी वर येतात, शेवाळ खायचं काम कोणी करत नाही. कष्टाने पोट भरणारे गाइड आहेत, त्यांना दोष देत नाही, दिवसाला इतकी माणसं खाली न्यायची म्हटल्यावर दुसरं होणार काय. पण हेच पॅकेज उचलून गुलदारवर नेलं तर दोन सीझनमधे तिचा वरचा डेक तसाच टकला होईल, मग रीफ कसली आणि म्युझियम कसलं.

आणि किल्ल्याजवळचं उथळ आडोशाचं पाणी वेगळं आणि निवती रॉकचा उघडा समुद्र वेगळा. करंट असतो, उत्तरेला कर्ली नदीचं मुख आहे, गढूळपणा आला की हाताची बोटं दिसत नाहीत. पोहता न येणाऱ्या माणसाला टाकी धरून त्या जहाजाच्या दारातून आत नेणार असाल तर आधीच हात जोडतो. जहाजाच्या आत गेलं की वर छत असतं, घाबरून सरळ वर येता येत नाही. फिन (पायातलं रबरी वल्हं) जरा जोरात हलली की तळाचा गाळ उठतो आणि दार कुठे होतं ते कळत नाही, हे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला पण होतं. म्हणून सरळ ठरवा. ट्राय डाइव्हवाले गुलदारवर नाहीत, त्यांच्यासाठी मालवण आहे. ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स झालेले लोक बाहेरून फिरतील, तेही त्यांच्या १८ मीटरच्या मर्यादेत. आत फक्त रेक डायव्हिंग, म्हणजे बुडालेल्या जहाजात उतरायचं तंत्र, शिकलेले, टॉर्च आणि दोरी घेऊन, छोट्या ग्रुपमधे. आणि ज्या खोल्यांमधे माणूस अडकू शकतो त्या बुडवायच्या आधीच वेल्डिंग करून बंद, बाकीच्यांना दोन्ही बाजूंनी मोठी भोकं कापलेली, उजेड दिसेल अशी. तारकर्लीला तुमचीच इतकी चांगली स्कूबा संस्था आहे, तिथल्या लोकांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांच्या शब्दाला टेंडरच्या कागदात जागा द्या एवढंच म्हणणं आहे.

बुडबुड्यांचं एक सांगतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जहाजाच्या आत डायव्हर श्वास सोडतो तो वर जाऊन छताला अडकतो. खालून बघितलं तर छताला चांदीची थाळी चिकटल्यासारखी दिसते, हलते, फोटो मस्त येतो. पण जिथे ही हवा साठते तिथे चिकटलेले जीव कोरडे पडून मरतात, आणि ओलं लोखंड आणि हवा एकत्र आली म्हणजे गंज धावत येतो. लाल समुद्रातल्या थिसलगॉर्मवर हेच झालं. १९४१ ला बॉम्ब पडून बुडालेलं ब्रिटिश मालवाहू जहाज, आत अजून मोटरसायकली, ट्रक, जगभरातून डायव्हर येतात. त्यांच्या बोटी सरळ जहाजाच्याच कठड्याला दोर बांधायच्या, लाट आली की कठडा उचकटून यायचा. लोकांनी आतल्या वस्तू पण चोरल्या. शेवटी २००७ च्या सुमारास तिथल्या संस्थेने वेगळे मुरिंग (बोट बांधायला तळात पक्के बसवलेले अडकवे) टाकले आणि अडकलेली हवा जायला छतांना भोकं पाडली. मुरिंग पुढे तुटले पण, कारण देखभाल कोणी करायची यावर घोळ. बघा, प्रत्येक गोष्ट फिरून तिथेच येते.

म्हणून बोया. माझं ऐकायचं असेल तर बाकी सगळं विसरा आणि बोया लक्षात ठेवा. जहाजापासून थोडं लांब तळात पक्के बसवलेले मुरिंग, वर ठळक बोया, बोटी त्यालाच बांधायच्या, एका बोयाला एक बोट, बोया रिकामा नसेल तर थांबायचं. नांगर टाकायला पूर्ण बंदी. एका सीझनमधे सगळ्या डायव्हरांच्या फिन्स मिळून जेवढं तोडत नाहीत तेवढं एक ओढला गेलेला नांगर एका सकाळी तोडतो. आणि बोयांची संख्या हीच आपोआप पर्यटकांची मर्यादा ठरते, वेगळा कायदा करायला नको. पावसाळ्यात बोया वाहून जाणार, साखळी झिजणार, दर वर्षी नव्याने बसवावे लागणार, त्याचा खर्च ४६.९१ कोटीत धरलाय का? की ते भांडवली खर्चाचे पैसे आहेत आणि देखभालीला हेडच नाही? सरकारी कामात कुठलं हेड रिकामं राहतं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

आता ज्यांचा समुद्र आहे त्यांच्याबद्दल. मे महिन्यात गावाला गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्या एका रापणकर काकांशी यावर बोललो, जाळ्याचं काम करत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "बोट बुडयतत ता बुडयांदेत, पण माजा जाळा थंय अडाकला तर भरपाय कोण देतलो?" दुसऱ्या कोणी मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. जाळं अडकणारच आहे. कोणाचं तरी इंजिन बंद पडेल, करंटने जाळं ओढलं जाईल, आणि ८४ मीटर लोखंडी कोपऱ्यांवर ते बसेल. अडकलेलं जाळं तिथेच राहिलं तर ते वर्षानुवर्षं मासे आणि कासवं मारत राहतं, डायव्हरच्या टाकीला पण अडकतं. जर मच्छीमाराला वाटलं की सांगितलं तर आपल्यावरच केस होईल, तर तो दोर कापून गप्प निघून जाणार. म्हणून उलटं करा. सांगेल त्याला भरपाई, दंड नाही, आणि जाळं काढायला डायव्हरची टीम दोन दिवसांत खाली. याला नमुना आपल्याच राज्यात आहे, जाळ्यात संरक्षित कासव, व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडला तर २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. आमच्या किनाऱ्यावर त्या योजनेने काम केलंय, लोक आता कासव सोडताना स्वतः व्हिडिओ काढतात.

आणि विचारल्याशिवाय काही ठरवू नका, कारण त्याचा अनुभव मालवणला आहे. १९८७ ला सागरी अभयारण्य जाहीर केलं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातलं ३.१८ गाभा क्षेत्र, हेतू चांगलाच होता, पण मच्छीमारांना ते वरून लादल्यासारखं वाटलं आणि इतकी वर्षं झाली तरी तो विषय काढला की आवाज चढतात. गुलदारभोवती मासेमारी बंद क्षेत्र लागणार, माझं मत तसंच आहे, त्याशिवाय रीफ म्हणण्यात अर्थ नाही. पण ते किती मोठं, कुठल्या बाजूला, कुठल्या महिन्यात, हे निवतीच्या आणि वेंगुर्ल्याच्या लोकांसोबत बसून ठरवा, आणि बदल्यात त्यांना खरं काहीतरी द्या. बोयांची देखभाल, गस्तीची होडी, डायव्हरांची ने-आण, ही कामं स्थानिक सोसायट्यांना, टेंडरमधे तसं लिहून. मुंबईची किंवा गोव्याची मोठी कंपनी येऊन सगळं घेऊन गेली आणि गावातल्या पोरांच्या वाट्याला सिलेंडर उचलायचं काम आलं, असं होऊ देऊ नका. जे परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री येऊन सगळं खरवडून नेतात त्यांच्याकडून हे क्षेत्र राखायचं असेल तर डोळे याच लोकांचे लागणार आहेत, तुमच्या कॅमेऱ्यांचे नाही.

निवती रॉक म्हणजे नुसता दगड नाही हे पण कोणीतरी फाइलमधे लिहा. तिथे दीपगृह आहे, आणि वेंगुर्ला रॉकच्या गुहांमधे पाकोळ्या घरटी करतात, त्यांच्या लाळेच्या घरट्यांची एकेकाळी तस्करी व्हायची आणि निसर्गप्रेमींनी मोठ्या कष्टाने ती थांबवली. बोटींची वर्दळ वाढली की कोणीतरी हौशी पर्यटक सेल्फीसाठी गुहेत शिरणारच. ते आधी बंद करा. बाजूला वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, म्हणजे हिवाळ्यात, ऐन सीझनमधे, माद्या याच पाण्यात असतात, त्यामुळे स्पीडबोटींना वेगाची मर्यादा पाहिजे.

सुरक्षेचं जास्त लिहीत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. लाइफ जॅकेट, बोटीची क्षमता, बोटीवर ऑक्सिजन, जवळचा डिकम्प्रेशन चेंबर (डायव्हरला घाईत वर आल्यामुळे त्रास झाला तर उपचारासाठी ठेवतात ती दाबाची खोली) कुठे आणि तिथे नेणार कसं, हे तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरात लावा.

पैशाचं शेवटचं. तिकिटात एक ठरावीक रक्कम देखभाल निधी म्हणून वेगळी काढा, ती महामंडळाच्या मोठ्या खात्यात न जाता जिल्ह्यातच राहील आणि तिचा हिशोब दर सहा महिन्यांनी त्याच ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागेल अशी. समितीत तुमचा एक, मत्स्य विभागाचा एक, कांदळवन कक्षाचा एक, दोन मच्छीमार, दोन डायव्हर, आणि एक सागरी जीवशास्त्रज्ञ. मी स्वतः शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला एका पायावर तयार आहे, आणि जे डायव्हर थायलंडला जाऊन मरीन पार्कची फी गपचूप भरतात त्यांनी इथे कुरकुर करायचं कारण नाही.

तर माझी मागणी एवढीच, पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधी निवतीला एक जाहीर बैठक लावा. नारळी पौर्णिमा झाली की लगेच नको, तेव्हा सगळे समुद्रात असतात, होड्या काठाला असतील असे दिवस बघून लावा. साफसफाईचा रिपोर्ट, बोयांचा नकाशा आणि देखभालीचा आकडा हे तीन कागद सोबत आणा. पुण्याहून मी येतो, आणि त्या रापणकर काकांनाही घेऊन येतो, त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू दे.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक डायव्हर